गावाला पोषण शिकवणाऱ्या मुलांचं ताट कोण बघतंय?

सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्य सेविका आणि गावोगावचे आईवडील यांना कळकळीची विनंती

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी एवढं एक काम करा. तुमच्या गावात 'पीअर एज्युकेटर' म्हणून, 'साथिया' म्हणून किंवा शाळेत आरोग्यदूत म्हणून ज्या मुलामुलींची नावं आशाताईंच्या वा शाळेच्या वहीत लिहिलेली आहेत, ती यादी मागून घ्या. यादीतल्या प्रत्येकाला उपकेंद्रात घेऊन जा आणि त्याचं वजन, उंची आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. गावातल्या बाकीच्या पोरांना रक्तवाढीचं सांगायची जबाबदारी आपण यांच्यावर टाकली आहे. यांच्या स्वतःच्या अंगात रक्त किती आहे, असं विचारलं की सहसा कुणालाच सांगता येत नाही. किती बैठका झाल्या ते लगेच सांगता येतं, कारण ते रजिस्टरमध्ये असतं.

घाई का, तेही सांगते. सप्टेंबर उजाडला की पोषण महिना सुरू होतो. २०१८ पासून तो दर वर्षी होतो आणि गावागावांत रॅली, रांगोळी, घोषवाक्यं, पाककृतींचं प्रदर्शन असा कार्यक्रम लागतो. फलक धरून पुढे चालणारी हीच पोरं असतात. त्यानंतर दिवाळी. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यातली बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. त्यातली काही साथिया आईवडिलांबरोबर फडात जातात, काही आजीजवळ राहून धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करतात. जी गावात उरतात त्यांच्यापुढे दहावी-बारावीचं वर्ष असतं. म्हणजे या पोरांसाठी काही करायचं तर शाळा उघडल्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवसच हाताशी आहेत. त्यातले बरेच गेलेसुद्धा.

योजना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी असलेल्या या कार्यक्रमात पोषण हा पहिला विषय. त्याच्या जोडीला प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा आणि इजा, व्यसनं आणि पुढे आयुष्यभर पाठ न सोडणारे मधुमेह-रक्तदाबासारखे आजार. ज्या भागांत पीअर एज्युकेटर, म्हणजेच साथिया, नेमले गेले, तिथे एका आशाताईच्या हद्दीत चार, दोन मुलगे आणि दोन मुली, अशी रचना ठरली. वय १५ ते १९. सहा दिवसांचं प्रशिक्षण. मग प्रत्येकाने गावातल्या पंधरा-वीस मुलांचा किंवा मुलींचा गट बांधायचा, दर आठवड्याला तास-दोन तास बसायचं, खेळ, गोष्टी, चित्रं यांतून विषय मांडायचे. महिन्यातून एकदा आरोग्य सेविकेकडे उपकेंद्रावर जमायचं. तीन महिन्यांतून एकदा गावात किशोर आरोग्य दिन. या कामाला मानधन नाही. कुठे बॅग, टी-शर्ट, वही अशी वस्तू मिळते. शाळांमध्ये २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात शिक्षकांच्या हाताखाली विद्यार्थी आरोग्यदूतही आले.

कल्पना चांगली आहे. मी तिच्या बाजूची आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

वयाने बरोबरीचं कुणी सांगितलं की पोरं ऐकतात, हे कारण आपण नेहमी देतो. पण या कामाचा खोल परिणाम ऐकणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्यावर होतो, हे कमी लोकांच्या लक्षात येतं. अमेरिकेत फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच हे मांडलं होतं: मदत घेणाऱ्याला किती फायदा होतो याची खात्री देता येत नाही, मदत करणाऱ्याला मात्र तो होताना दिसतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या शाळांमध्ये 'साल्सा' नावाचा उपक्रम चालतो. तिथे विद्यापीठातले विद्यार्थी दहावीच्या मुलांना तयार करतात आणि दहावीची मुलं आठवीला खाण्यापिण्याचं आणि व्यायामाचं शिकवतात. संशोधकांनी तिथे आठवीबरोबर शिकवणाऱ्या दहावीच्या मुलांच्याही सवयी आधी आणि नंतर विचारून पाहिल्या. फळं, भाज्या आणि व्यायाम यांचं रोजचं प्रमाण पाळणारी मुलं वाढली. गोड पेयांपासून दूर राहणारीही वाढली. ही माहिती मुलांनी स्वतः सांगितलेली होती, तेव्हा तिला थोडं सांभाळून घ्यायला हवं. तरी दिशा स्पष्ट आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 'हेल्दी बडीज' या उपक्रमात मोठ्या वर्गांतली मुलं लहान वर्गांना शिकवत होती. २००७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दोन्हीकडच्या मुलांची समज वाढलेली दिसली.

याचं कारण अवघड नाही. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की आधी आपल्याला नीट कळावं लागतं. चार डोळे आपल्याकडे बघतात म्हणून आपण आपलं वागणं तपासतो. आणि ज्या पोरीचं घरात कुणी ऐकत नव्हतं, तिचं पंधराजणी ऐकतात तेव्हा तिच्या चालण्याबोलण्यात फरक पडतो.

आपल्याला हे दाखवायला सिडनीपर्यंत जायची गरजही नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम उभं केलं, ते गावातल्याच बायकांच्या बळावर. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्यांनी गावातली बाळंतपणं, कुपोषण, हगवण यांचं चित्र पालटलं, हे जगाने वाखाणलं. पण जामखेडचं काम जवळून पाहिलेले लोक पहिल्यांदा सांगतात ते त्या बायकांबद्दल: जिला गावात मान वर करून चालता येत नव्हतं, ती सरपंचासमोर बसून बोलायला लागली. आणि हे आपोआप घडलं नाही. त्या बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, शिकायच्या, एकमेकींच्या घरचं ऐकायच्या. काम करणाऱ्या बाईला सांभाळणं हा तिथल्या कामाचाच भाग होता.

आपण साथियांच्या बाबतीत नेमका हाच भाग गाळला आहे.

तो का गळतो, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत मुळात आपल्याकडचीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयातल्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली, मग आपल्या अनाथालयात थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायची व्यवस्था बसवली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. इंग्लंडात ती 'मद्रास पद्धत' म्हणून पसरली. पसरली कारण स्वस्त होती. एका मास्तरात शेकडो मुलं भागत होती. १९७८ मध्ये लंडनला डेव्हिड मॉर्ले यांच्या पुढाकाराने 'चाइल्ड टू चाइल्ड' सुरू झालं, तेव्हा त्यात मुलांना आरोग्याच्या कामात बरोबरीचे मानण्याचा विचार होता. तरीही दोनशे वर्षांत सरकारं आणि संस्था या पद्धतीकडे पुन्हा पुन्हा वळतात त्याचं एक कारण तेच जुनं आहे: पोरं फुकट काम करतात. मला यात कुणाचा दुष्ट हेतू दिसत नाही. पण जे फुकट मिळतं त्याची निगा राखायची आपल्याला सवय नाही, आणि इथे फुकट मिळणारी गोष्ट पंधरा वर्षांची मुलगी आहे.

एका बैठकीचं सांगते. मराठवाड्यातलं गाव, अंगणवाडीची पडवी, अकरावीतली मुलगी फ्लिपचार्ट उघडून बसलेली. विषय लोहाचा. तिने सांगितलं की जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही, मध्ये तासभर तरी जाऊ द्या. समोरची एक सहावी-सातवीतली पोर म्हणाली, "ताई, सकाळी चहासंगच भाकर खातो की आपण." पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. साथिया क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग सकाळचं राहू दे. दुपारच्या वरणावर लिंबू पिळ, अन् त्याच्या मागं चहा नको घेऊ." मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, परसातलं लिंबू, असं घरात असलेल्या वस्तूंवर तिने सगळं आणून बसवलं. हे कुठल्याही तज्ज्ञाला इतक्या सहज जमलं नसतं, आणि तिलाही सहा दिवसांच्या प्रशिक्षणात कुणी शिकवलेलं नव्हतं.

बैठक संपल्यावर ती जे बोलली ते मात्र वहीत कुठेच जात नाही. घरी भाऊ आणि वडील आधी जेवतात, मग आई आणि ती. भाजी तोवर तळाला गेलेली असते. "मी सांगते त्यातलं अर्धं आमच्याच घरी होत नाही," ती म्हणाली, "पोरींना खोटं सांगितल्यासारखं वाटतं." तिचं हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं का? शाळेत तपासणी झाली तेव्हा ती गैरहजर होती. कापूस वेचायला गेली होती.

ही अडचण एका घराची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयी आढळल्या, मुलग्यांपैकी ३१.१ टक्के. आधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ५४.२ वर गेलं. आता हिशेब करा. साथिया नेमक्या याच वयातून निवडल्या जातात. म्हणजे रक्तक्षयाबद्दल बोलणाऱ्या दोन मुलींमधली एक स्वतः रक्तक्षयी असण्याचीच शक्यता जास्त. दम लागणं, डोकं जड होणं, वर्गात लक्ष न लागणं ही लक्षणं ती फ्लिपचार्टवरून वाचून दाखवते आणि तीच घेऊन घरी जाते.

आणखी एक गोष्ट आहे, तिने मला सर्वात जास्त अस्वस्थ केलं. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. अंगणवाडीतून किशोरींना मिळणारा आहार आता १४ ते १८ वयासाठी आहे, पण महाराष्ट्रात तो आकांक्षित जिल्ह्यांपुरता, म्हणजे नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव इथल्या मुलींपुरता. बाकी जिल्ह्यांत नववीत गेलेल्या मुलीसाठी सरकारी ताट संपतं. आणि साथियाचं काम पंधराव्या वर्षी सुरू होतं. ज्या वयात आपण मुलीच्या हातचं ताट काढून घेतो, त्याच वयात तिच्या हातात पोषणाचं पुस्तक देतो. आठवड्याची निळी लोहगोळी मिळते, तीही शाळेत हजर असेल तर. शाळा सुटलेल्यांनी ती अंगणवाडीत जाऊन घ्यायची. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून पोरी ती दप्तरात टाकतात. साथियाला हे माहीत असतं, कारण गोळ्या टाकणाऱ्या तिच्याच मैत्रिणी असतात, आणि कधीकधी तीही.

मुलग्यांचं वेगळं आहे. त्यांना कुणी घरात शेवटी जेवायला बसवत नाही. पण गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी पुडी मिळते, आणि मित्राला 'खाऊ नको' म्हणणाऱ्या पोराला कट्ट्यावर जे ऐकावं लागतं ते सोसायला पाठीशी कुणी हवं असतं. व्यायामशाळेत जाणारे मित्र प्रोटीनच्या डब्यांबद्दल विचारतात. त्याला उत्तर ठाऊक नसतं आणि 'मला माहीत नाही' म्हणायचं धाडस होत नाही. शहरांतल्या शाळांमध्ये दुसराच पेच. वजनाबद्दल, जाडीबद्दल बोलणारी मुलगी स्वतः इतरांच्या नजरेत येते. 'आधी तू बारीक हो' असं एकीने ऐकलं आणि रात्रीचं जेवण सोडलं, हे मला तिच्या आईनेच सांगितलं. ब्रिटिश कोलंबियातल्या त्या उपक्रमात खाणं आणि व्यायाम यांच्या जोडीला आपल्या शरीराबद्दल आपुलकी हा तिसरा धडा मुद्दाम ठेवला होता. आपल्या प्रशिक्षणात तो असलाच पाहिजे.

आणि गटात नुसतं खाण्यापिण्याचंच बोलणं होत नाही. पंधरा-सोळाच्या पोरी जमल्या की एक म्हणते, माझं लग्न ठरवलंय. एक म्हणते, काका घरी असले की मला घरात नको वाटतं. विश्वासाने सांगितलेलं असतं. ते साथियाच्या पोटात राहतं. ती रात्रभर जागते. मोठ्यांना सांगावं तर मैत्रीण तुटेल, न सांगावं तर काय होईल याची भीती. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत आहे. तेव्हा असं गुपित साथियाच्या कानावर येणं ही कधीतरी घडणारी गोष्ट नव्हे. आपण त्या पोरीला डाळी-कडधान्यांचं प्रशिक्षण दिलं आणि एवढं ओझं उचलायला लावलं.

म्हणून मागणी करते आहे. ती मोठ्या खर्चाची नाही.

सुरुवात तपासणीपासून. मुलींना १२ आणि पंधरा वर्षांवरच्या मुलग्यांना १३ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय. त्याला आठवड्याची एक गोळी पुरत नाही. उपचाराच्या गोळ्या रोज, तीन महिने, आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने घ्याव्या लागतात आणि मग पुन्हा तपासावं लागतं. ८ च्या खाली आकडा आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. कुणाचं किती निघालं हे चावडीवर वाचून दाखवू नका, भिंतीवर लावू नका. हा आकडा त्या मुलाचा आणि त्याच्या घरचा आहे. रक्तक्षय निघाला म्हणून कुणाला कामातून काढूही नका. उलट जी मुलगी तीन महिने गोळ्या घेऊन ९ वरून १२ वर आली, तिचं म्हणणं गटातल्या पोरी जास्त ऐकतील. ते सांगायचं की नाही, हे तिला ठरवू द्या.

सरपंच आणि सदस्यहो, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचा १० टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून काय करता येईल ते मी सांगते. ज्या दिवशी बैठक, त्या दिवशी सगळ्या गटाला उसळ आणि शेंगदाण्याचा लाडू, नाहीतर अंडं. अंगणवाडीताईंच्या मदतीने बचत गटाला हे काम देता येतं. पोषणाची बैठक रिकाम्या पोटी होऊ नये, एवढा साधा नियम गावाने करून घ्यावा. १५ ऑगस्टला ठराव केलात तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्यात त्याची तरतूद धरता येईल. ठरावात चारच ओळी असाव्यात: साथियांची दर सहा महिन्यांनी तपासणी, बैठकीच्या दिवशी आहार, परीक्षेच्या काळात कामातून सुट्टी आणि त्यांची जबाबदारी घेणाऱ्या एका मोठ्या माणसाचं नाव.

त्या शेवटच्या ओळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. प्रत्येक साथियाला ठाऊक असायला हवं की अमुक एक ताई, अमुक एक सर यांच्याकडे मी केव्हाही जाऊ शकते आणि त्या माझी मैत्रीण तुटू न देता पुढचं बघतील. ही व्यक्ती गावातल्या पुढाऱ्याची नातेवाईक नसावी, जिला गप्पा मारायची सवय आहे अशी नसावी. आरोग्य सेविका, आशाताई, एखाद्या शिक्षिका, सेवानिवृत्त परिचारिका, कुणीही. पण निवड मुलांना विचारून करा. बालविवाहाची कुणकुण लागली तर काय करायचं ते त्या व्यक्तीला पाठ असावं: गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो. मनाचा ताण असह्य झाला तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. हे दोन नंबर साथियालाही द्या, आणि त्याबरोबर एक वाक्य स्पष्ट सांगा: असं काही कळलं तर ते एकटीने सोडवणं तुझं काम नाही.

मुख्याध्यापकांना विनंती अशी की या मुलांना दहावी-बारावीच्या वर्षात मोकळं करा, आणि त्याआधीच नववी-अकरावीतून नवे साथिया तयार ठेवा. रॅलीत पुढे उभं करण्यापेक्षा वर्गात पंधरा मिनिटं द्या, त्यांना काय विचारलं गेलं आणि काय सांगता आलं नाही ते ऐकून घ्या. 'मला माहीत नाही, विचारून सांगते' हे उत्तर शाबासकीच्या लायकीचं आहे, हे मास्तरांच्या तोंडून आलं तर पोरांच्या मनातली निम्मी भीती जाईल. त्यांनी केलेल्या कामाचं शाळेच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र द्या, नुसतं 'सहभाग घेतला' म्हणून नव्हे तर काय काय केलं ते लिहून. पुढे नर्सिंगला, समाजकार्याला, अंगणवाडीच्या भरतीला जाणाऱ्या मुलीला स्वतःचं काम चार लोकांत सांगता यायला हवं.

आशाताईंना मी काय सांगणार? तुमच्या अंगावर आधीच किती काम आहे ते मला ठाऊक आहे. तरी महिन्याच्या रिपोर्टमध्ये बैठकांचा आकडा भरताना एक प्रश्न साथियाला तोंडी विचारा, 'तू कशी आहेस?' आणि उत्तर द्यायला वेळ द्या. एखादी मुलगी सलग दोन बैठकांना आली नाही तर कामचुकार म्हणण्याआधी तिच्या घरी जा. ऊसतोडीला निघणाऱ्या साथियाच्या हातात तीन महिन्यांच्या गोळ्या, तिच्या तपासणीचा कागद आणि तुमचा नंबर असावा. फडाजवळच्या उपकेंद्रात तो कागद दाखवता येतो.

आईवडिलांनो, तुमची मुलगी गावाला शहाणपण शिकवते म्हणून चारजण तुमचं कौतुक करतात. ते कौतुक घरी येऊ द्या. ती जे सांगते त्यातली एक गोष्ट या आठवड्यात करून बघा: सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसा, भाजी वाढून घेण्याआधी सगळ्या ताटांत समान वाढा. तिला 'आली आमची डॉक्टरीण' म्हणून चिडवू नका. बाहेर तिचं पंधराजणी ऐकतात आणि घरात कुणीच ऐकत नाही, याचं दुःख ती तुम्हाला बोलून दाखवणार नाही.

गाव सोडून पुण्या-मुंबईला, नाशिकला, परदेशात नोकरीला असलेल्यांनाही माझं सांगणं आहे. गणपतीला, दसऱ्याला गावी याल तेव्हा मंदिराच्या रंगरंगोटीची वर्गणी द्याच. पण शाळेत किंवा अंगणवाडीत जाऊन साथियांची नावं विचारा. डिजिटल हिमोग्लोबिन मीटरच्या पट्ट्या संपल्या म्हणून कित्येक उपकेंद्रांत तपासणी अडून राहते. त्या पट्ट्यांसाठी मदत करा, आरोग्य सेविकेला विचारून, पावतीने. ज्यांचा व्यवसाय आहारतज्ज्ञाचा, डॉक्टरचा, समुपदेशकाचा आहे त्यांनी महिन्यातला एक तास फोनवर द्यावा. प्रोटीनच्या डब्याबद्दल, पाळीच्या दिवसांतल्या खाण्याबद्दल, वजनाबद्दल मुलांना जे प्रश्न विचारले जातात त्यांची खरी उत्तरं त्यांना मिळू द्या. हे काम आशाताई किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या, किशोरवयीनांसाठी असलेल्या मैत्री क्लिनिकमधल्या समुपदेशकांमार्फतच करा. मुलांचे नंबर परस्पर गोळा करू नका.

आणि साथियांनो, हे तुमच्या हाती पडलं तर तुम्हालाही दोन शब्द. तुमच्या घरी सगळं पुस्तकासारखं होत नाही म्हणून तुम्ही खोटं बोलत नाही. जमेल तेवढं सांगा, जमेल तेवढं करा. दमलात तर सुट्टी मागा. तुमची तपासणी झाली नसेल तर उद्याच आरोग्य सेविकेकडे जा आणि 'माझं हिमोग्लोबिन बघा' असं सांगा. ते मोफत आहे, त्यासाठी कुणाची चिठ्ठी लागत नाही.

ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी विषय ग्रामसेवकांकडे लेखी द्यावा लागतो. तो अर्ज कुणीही गावकरी देऊ शकतो. विषय असा लिहा: 'गावातील पीअर एज्युकेटर मुलामुलींची आरोग्य तपासणी, बैठकीच्या दिवशीचा आहार, परीक्षेच्या काळातील सुट्टी आणि जबाबदार व्यक्तीची नेमणूक याबाबत.' खाली सही करा, तारीख घाला आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.